सोमाटणे फाटा आणि सार्वजनिक पैशाची वाट

'सरकारजवळ पैसा नाही' हे वाक्य ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यातील 'सरकार' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची सवयच मोडून गेली आहे. भारतात सरकार एक नाही. दिल्लीचे आहे, मुंबईचे आहे, जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि गावाचे आहे. शिवाय मतदाराला थेट जबाबदार नसलेली महामंडळे आणि प्राधिकरणे आहेत. त्यांची गणना वेगळीच करावी लागेल. यांपैकी पैसा कोणाजवळ आहे आणि कोणाजवळ नाही, तो गोळा कोण करतो आणि खर्च कोण करतो, हे प्रश्न विचारले पाहिजेत. पण त्यांहून महत्त्वाचा प्रश्न असा की खर्चाचा निर्णय कोणाच्या हातात आहे आणि त्या निर्णयाचा जाब कोणाला विचारता येतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या प्रश्नांना 'वित्तीय संघराज्य' असे भारदस्त नाव आहे. परंतु ते समजून घेण्यासाठी ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या उंबरठ्यावर असलेल्या सोमाटणे फाट्यावरची व्यवस्था नीट पाहिली तरी पुरेसे आहे.

जुना मुंबई-पुणे महामार्ग या फाट्यावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक चार होता, आता अठ्ठेचाळीस आहे. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे मालकी केंद्राची. पण या पट्ट्याचे काम आणि वसुली राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आली, आणि महामंडळाने ती खाजगी कंपनीकडे दिली. २००४ साली द्रुतगती मार्ग आणि हा जुना महामार्ग अशा दोहोंवरील पंधरा वर्षांच्या पथकराचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन देण्यात आला. ती मुदत २०१९ च्या ऑगस्टमध्ये संपली. त्यानंतर २०२० साली पुन्हा सुमारे दहा वर्षांसाठी, म्हणजे २०३० पर्यंत, ८,२६२ कोटी रुपयांना तोच हक्क देण्यात आला. रस्ता केंद्राचा, करार राज्याच्या महामंडळाचा, गल्ला कंपनीचा; आणि नाका कोणाच्या हद्दीत, तर गावाच्या. जुन्या महामार्गावर वसुलीच्या दोन जागा, एक सोमाटणे आणि दुसरी लोणावळ्याजवळ वरसोली. रोज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात कामाला जाणारा तळेगावचा कामगार मुंबईला निघालेला नसतो. तरी त्याच्या वाटेवर नाका येतो. मार्च २०२३ मध्ये या परिसरातील नागरिकांनी नाका बंद करावा म्हणून आंदोलन केले, त्याचे मूळ इथे आहे.

हा केवळ स्थानिक गैरसोयीचा प्रश्न नाही. दोन्ही करारांची रक्कम मिळून नऊ हजार कोटींच्या वर जाते. हा पैसा वाहनचालकांच्या खिशातून यावयाचा आहे. म्हणजे तो करच आहे, नाव काहीही असो. परंतु हा 'कर' विधानसभेने अंदाजपत्रकात मंजूर केलेला नाही आणि त्यातून होणारा खर्च अनुदानाच्या मागणीसारखा सभागृहाच्या मतास टाकला जात नाही. महामंडळ ही कायद्याने एक कंपनी आहे. तिचे कर्ज वेगळे, हिशेब वेगळा. मुंबईच्या सभागृहात बसलेला आमदार जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दुरुस्तीवर घसा कोरडा होईपर्यंत बोलू शकतो, पण महामंडळाने दहा वर्षांचे उत्पन्न एकदम उचलून कोणत्या कामाला लावले, यावर मतदान मागू शकत नाही. एका सरकारने पुढच्या दोन सरकारांच्या काळातील उत्पन्न आजच खर्चून टाकावे आणि त्यास 'गुंतवणूक' म्हणावे, अशी ही रीत आहे.

त्यातही गंमत अशी की रस्त्यासाठीचा पैसा वाहनधारकाने नाक्यावर येण्यापूर्वीच दिलेला असतो. वाहन घेताना त्याने राज्याला वाहन कर दिला. पेट्रोल भरताना त्याने केंद्राला रस्ते व पायाभूत सुविधा उपकर दिला. हा उपकर काय चीज आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक लिटर पेट्रोलवर केंद्राचा एकूण कर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यापैकी राज्यांशी वाटून घ्यावे लागते ते मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे. उरलेले सर्व उपकर आणि अधिभार यांच्या नावाने दिल्लीतच राहिले, कारण घटनेप्रमाणे उपकर आणि अधिभार विभाज्य निधीत येत नाहीत. वित्त आयोग म्हणतो की राज्यांना ४१ टक्के द्या. दिल्ली ते देतेही. पण कशाच्या ४१ टक्के, तर ज्यातून मोठा घास आधीच बाजूला काढून ठेवला आहे अशा ताटाच्या. पंधराव्या वित्त आयोगानेच नमूद केले आहे की २०१८-१९ मध्ये केंद्र आणि राज्ये यांनी मिळून उभ्या केलेल्या साधनसंपत्तीपैकी ६२.७ टक्के केंद्राने उभी केली, आणि एकूण खर्चापैकी ६२.४ टक्के राज्यांनी केला. मधली दरी अनुदानांनी भरली जाते. आणि अनुदान देणारा हात अटी घालतो.

राज्याच्या नेत्यांना हे गाऱ्हाणे पाठ असते. दिल्ली आमचा वाटा देत नाही, अशी ओरड मुंबईत कोणत्याही पक्षाचे सरकार असो, होतच असते, आणि ती बहुतांशी खरी आहे. परंतु जो अन्याय दिल्ली मुंबईवर करते, तोच मुंबई गावावर करते, हे मात्र त्या भाषणांत येत नाही.

गावाची पेटी उघडून पाहू. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर, बाजारातील जागांचे भाडे, असे काही. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या जानेवारीत पंचायतींच्या अर्थव्यवहारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातील सरासरी पंचायतीचे स्वतःच्या करांचे उत्पन्न २१ हजार रुपये आणि करेतर उत्पन्न ७३ हजार रुपये होते. केंद्राकडून तिला सरासरी सुमारे १७ लाख आणि राज्याकडून सव्वातीन लाख मिळाले. स्वतःचा पैसा एक लाखाच्या आत आणि परक्याचा वीस लाखांवर, अशा घरात कर्ता कोण असतो, हे सांगावयास नको.

वरून येणाऱ्या पैशावर नाव आधीच लिहिलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी २०२१ नंतर ६० टक्के बंधित: पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेले ४० टक्के अबंधित म्हटले जातात. पाणी आणि स्वच्छता ही निकडीची कामे नाहीत असे कोण म्हणेल? पण गावात पाण्याची सोय आहे आणि स्मशानाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात चिखलात जातो, अशी स्थिती असली तर गावाने काय करावे? बंधित पैसा रस्त्याला चालत नाही. मग पाण्याचे नसलेले काम शोधावे लागते, किंवा पैसा पडून राहतो. आणि पडून राहिला की वरचे अधिकारी सांगायला मोकळे, की पंचायतींना खर्च करण्याची क्षमता नाही.

राहिला तो अबंधित हिस्सा. महाराष्ट्रातील गावांना दिवाबत्तीच्या प्रकरणात त्याचा जो अनुभव आला तो विसरता कामा नये. रस्त्यावरील दिव्यांच्या विजेची बिले पूर्वी शासन भरत असे. २०२१ साली राज्याच्या ग्रामविकास विभागाने ही बिले वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, असा आदेश काढला. थकबाकीपोटी गावोगाव दिवे तोडले गेले आणि सरपंच रस्त्यावर आले. हिशेब सरळ होता: दिल्लीने गावासाठी म्हणून पाठवलेल्या पैशातून मुंबईने आपल्या डोक्यावरचा खर्च उतरवला. कागदोपत्री गावाला पैसा मिळाला, गावानेच तो खर्च केला. प्रत्यक्षात तो राज्याचा आणि वीज कंपनीचा आपसातील व्यवहार होता, आणि सरपंचाची सही तेवढी लागली.

याच सूत्राचे दुसरे टोक बांधकामात दिसते. टाकी, जलवाहिनी, सभागृह, प्रवेशद्वार ही कामे वरच्या पातळीच्या पैशातून होतात; त्यांना उद्घाटन असते, कोनशिला असते. पंपाचे वीजबिल, फुटलेला नळ, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार यांना कोनशिला नसते, म्हणून ते गावाकडे. २०१९ पासूनच्या जलजीवन योजनेत बांधकामाचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलणार. योजना चालवण्याचा खर्च मात्र गावाने घरपट्टी-पाणीपट्टीतून काढावयाचा. सोमाटण्यासारख्या महामार्गावरच्या गावाला ते एक वेळ जमेल. तिथे इमारती उठत आहेत, जमिनींना भाव आहे. नाणे मावळात किंवा आंदर मावळात डोंगराच्या कुशीला असलेल्या, पावसाने झोडपलेल्या वाड्यांची पंचायत घरपट्टी वाढवून वाढवून किती वाढवणार? गावांनी स्वतःचे उत्पन्न वाढवावे, हा उपदेश वरून करणाऱ्यांना एकाच तालुक्यातील हा फरक दिसत नाही. त्यांच्या तक्त्यात दोन्ही गावे 'ग्रामीण' या एकाच रकान्यात बसतात.

मधल्या पातळीची, म्हणजे जिल्हा परिषदेची कथा अधिक दुःखाची आहे; कारण महाराष्ट्राने इथे एकेकाळी देशाला वाट दाखवली होती. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली तालुका पातळीवर भर दिला होता. वसंतराव नाईक समितीने त्याऐवजी जिल्हा हा कणा मानला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते असा मोठा संसार निवडून आलेल्या लोकांच्या हाती आला. ग्रामीण महाराष्ट्रातील नेतृत्वाची एक अख्खी पिढी त्या शाळेत घडली. त्या नेतृत्वाचा जातीय आणि वर्गीय चेहरा कोणता होता, हे समाजवाद्यांनी त्याही वेळी स्पष्टपणे सांगितले होते. पण निर्णय जिल्ह्यात होत होता, एवढे खरे. मग एकेक खाते, एकेक योजना पुन्हा वर ओढली गेली आणि नियोजनाचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे गेले.

१९९३ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. गावाला घटनेत स्थान मिळाले, एकोणतीस विषयांची यादी जोडली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खासदारांना मतदारसंघातील विकासकामांसाठी स्वतंत्र निधी देण्याची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी पाच लाख, पुढे एक कोटी, दोन कोटी, आणि २०११-१२ पासून पाच कोटी. आमदारांचा निधीही असाच वाढत गेला. कायदे करावयास आणि सरकारला जाब विचारावयास पाठवलेला प्रतिनिधी स्वतःच पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे वाटू लागला. विषयांची यादी गावाकडे आणि पैशाची थैली खासदार-आमदाराकडे, अशी वाटणी एकाच वर्षात सुरू व्हावी, याला योगायोग म्हणणे भाबडेपणाचे होईल.

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि तालुक्यातील पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादाचे निमित्त होते. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक राहिला. याचे आर्थिक परिणाम राजकीय परिणामांइतकेच गंभीर होते. वित्त आयोगाच्या निधीपैकी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना मिळतात. पण जिथे निवडून आलेले मंडळ नाही तिथे तो निधी देता येत नाही, अशी अट आहे. म्हणजे निवडणुका लांबवल्या राज्याने आणि पैसा गमावला जिल्ह्याने. दुसरे असे की जिल्हा नियोजन समितीत किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरसंस्था यांतून निवडून यावेत, असे घटना सांगते. ज्या काळात या संस्थांत निवडून आलेले कोणी नव्हते, त्या काळात समितीत उरले कोण? पालकमंत्री, अधिकारी आणि नेमलेली माणसे. शेकडो कोटींचा जिल्हा आराखडा घटनेने सांगितलेल्या चार-पंचमांशाशिवाय मंजूर होत राहिला, आणि त्याबद्दल फारसा आवाजही उठला नाही.

पैशाबरोबर निर्णय वर गेला म्हणजे काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण मावळनेच पाहिले आहे. पवना धरणाचे पाणी नदीत सोडावे आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडने ते उचलावे, ही जुनी व्यवस्था. त्याऐवजी धरणापासून थेट शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात मंजूर झाली. त्या अभियानाचे सूत्र केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३०, असे होते. तीन सरकारे पैसा घालत होती आणि तिघांनीही आपापल्या सभागृहांत तो मंजूर केला. ज्यांच्या शेतांतून वाहिनी जाणार होती आणि ज्यांची नदी आटण्याची भीती होती, त्या पवन मावळातील गावांचा या शंभर टक्क्यांत एक पैसाही नव्हता. म्हणून त्यांचे मतही नव्हते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे जुने दावे तसेच पडून होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. एका स्त्रीसह तीन शेतकरी ठार झाले. योजना थांबली, २०२३ साली राज्य सरकारने स्थगिती उठवली. शहराला स्वच्छ पाणी मिळू नये, असे कोणी म्हणत नाही. शहरातील कामगार वस्तीला पाणी हवे आणि मावळच्या शेतकऱ्यालाही हवे. प्रश्न एवढाच की या दोघांनी समोरासमोर बसून करार करावा, असे एकही टेबल आपल्या व्यवस्थेत का नाही?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गाव म्हणजे काही पावित्र्याचे आगर नव्हे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाविषयी जे कठोर शब्द वापरले, ते दलितांच्या अनुभवातून आलेले होते. गावाच्या हाती सारा पैसा दिला तर दिवा पाटलाच्या आळीत लागेल आणि दलित वस्ती अंधारात राहील, ही भीती काल्पनिक नाही. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी १० टक्के स्वउत्पन्नातून खर्च करण्याचे बंधन म्हणूनच आहे, आणि ते राहिलेच पाहिजे. त्याचप्रमाणे श्रीमंत प्रदेशाकडून घेऊन गरीब प्रदेशाला देणे हे काम गाव करू शकत नाही. ते वरच्या सत्तेनेच करावयाचे असते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे त्याचे उत्तम उदाहरण. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १९७५ साली नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवून शहराच्या मिळकतीतून खेड्यातील मजुराची मजुरी दिली गेली. १९७७ च्या कायद्याने, २६ जानेवारी १९७९ पासून, तो हक्क झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पुढचे पाऊल टाकले: मजुरीचा पैसा दिल्लीचा, पण किमान निम्मी कामे ग्रामपंचायतीमार्फत. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा केला आणि चाळीस टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला. जी एक योजना 'गोळा वर, निर्णय खाली' या तत्त्वाच्या जवळपास आली होती, तिचीच दिशा अशी फिरवली गेली.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची मांडणी करताना शासकीय आणि नियोजनाच्या खर्चाचा चौथा हिस्सा गाव, शहर आणि जिल्हा पंचायतींमार्फत व्हावा, असे सुचवले होते. त्या वेळी तो स्वप्नाळूपणा वाटला. प्रत्यक्षात लोहियांनी मागितली ती चतकोर भाकर आहे. वरच्या दोन खांबांकडे पाऊण भाग राहतोच. आज ती मागणी आकड्यांच्या भाषेत पुन्हा मांडली पाहिजे: वित्त आयोगाच्या निधीतील बंधित भाग कमी करा, वीजबिलासारखी राज्याची देणी त्यातून वळती करू नका, डोंगरी गावांना गरजेप्रमाणे अधिक द्या, आणि राज्य वित्त आयोगाचा अहवाल विधिमंडळात ठराविक मुदतीत मांडा.

तोवर मावळातील कार्यकर्त्यांना जे आजच करता येईल ते थोडे नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. त्या सभेत गावाच्या विकास आराखड्याबरोबर तीन कागद मागावेत: मागील वर्षी आलेल्या बंधित आणि अबंधित निधीचा जमाखर्च, अबंधित निधीतून गेलेल्या वीजबिलांची एकूण रक्कम, आणि गावाच्या हद्दीत महामंडळाने व प्राधिकरणाने केलेल्या खर्चाचा तपशील. तिसरा कागद ग्रामसेवकाकडे नसेल. त्यासाठी महामंडळाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागेल, आणि तो एका गावाने न करता नाक्याच्या दोन्ही बाजूंच्या सर्व गावांनी ठराव करून एकाच दिवशी करावा. २०३० मध्ये पथकराची मुदत संपेल. तिसरा करार करण्यापूर्वी तो मावळच्या पंचायत समितीपुढे आणि पुणे जिल्हा परिषदेपुढे ठेवला जावा, आणि वसुलीचा काही भाग ज्यांच्या हद्दीत नाका आहे त्या गावांच्या पेटीत कायद्याने यावा, अशी मागणी करावयाची असेल तर ठरावांची सुरुवात करावयास हीच वेळ आहे.